लागलेला दिवा का काढला?

एकदा एक गुरू आणि त्यांचा शिष्य एकाच घोंगडीत डोकी खुपसून बसले होते. मंत्रदीक्षा चालली नव्हती, की जपही नव्हता. भर दुपारी शेडमध्ये उभ्या असलेल्या एका जुन्या मोटारीच्या पुढच्या सीटांवर दोघे बसलेले, डॅशबोर्डवर घोंगडी पांघरलेली, आणि आतल्या काळोखात दोघांचे डोळे दोन लहान तबकड्यांवर खिळलेले. त्यातली एक तबकडी छान उजळली होती आणि दुसरी काही केल्या उजळत नव्हती. हे दोघे त्या घोंगडीत कसे शिरले, ते आधी सांगायला हवे. नाहीतर तुम्ही म्हणाल, सांगणाऱ्याचेच डोके फिरले.

घाटाच्या पायथ्याशी या गुरुजींचा आश्रम होता. आश्रम म्हणजे काही भव्य प्रकरण नव्हे. मोजक्या खोल्या, एक भोजनगृह, पुढे पडवी, आणि पडवीत येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी लाकडी बाकडी. लोक आपापली दुःखे घेऊन येत, गुरुजींशी दोन शब्द बोलत, आणि जरा हलके होऊन परत जात. गुरुजींचे वय झाले होते. म्हणून सारा कारभार अच्युत नावाचा त्यांचा शिष्य पाहत असे. अच्युत बुद्धिमान, कष्टाळू, आणि गुरुजींवर जीव टाकणारा. गुरुजी आज कोणाला भेटणार, केव्हा भेटणार, किती वेळ देणार, हे तो सकाळीच गुरुजींशी बोलून ठरवी आणि ठरवलेले स्वतःपाशीच ठेवी. "आधी सांगितलं की लोक डोक्यावर बसतात," असे त्याचे म्हणणे. त्यात तथ्य नव्हते असे नाही. पण गुरुजींच्या वेळेची किल्ली आपल्या एकट्याच्या कमरेला आहे, याचाही त्याला थोडा आनंद होता. माणूसच आहे, व्हायचाच.

पडवीच्या दारावर दत्तोबा बसत. पूर्वी ते भोजनगृहात वाढायचे काम करीत, आणि त्यांच्या हातची आमटी पानात पडली की साधे जेवण सणाचे होई. "अर्धी भाकरी तरी घ्या हो, माझ्यासाठी घ्या," असे ते इतक्या लाघवाने म्हणत, की पोट भरलेला माणूसही पान पुढे करी. असा गोड माणूस दारावर हवा, म्हणून अच्युतनेच त्यांना तिथे आणून बसवले. आणि काय झाले कोण जाणे, पावसाळा सरून हिवाळा यायच्या आत दत्तोबांचे दही झाले; तेही आंबट. ते लोकांवर खेकसू लागले. प्रश्न विचारला की तोंड फिरवू लागले. परवा तर लांबून आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंना ते म्हणाले, "तुम्हाला एकदा सांगितलेलं कळत नाही का?" बाई रडत परत गेल्या आणि त्यांच्या मुलाने येऊन अच्युतला चार शब्द सुनावले.

अच्युतने दत्तोबांना बोलावून जाब विचारला. दत्तोबा खाली मान घालून म्हणाले, "अच्युतराव, काय सांगू? ती जागाच वाईट आहे."

"नाचता येईना अंगण वाकडं," अच्युत म्हणाला.

दत्तोबा दारावर परत गेले. वास्तविक दारावर असे होण्याची ही पहिली वेळ नव्हती. त्यांच्याआधी तिथे काशीबाई होत्या, त्यांच्याआधी विनायक नावाचा एक शांत गृहस्थ होता. दोघेही येताना साखरेसारखे आले आणि जाताना मिरचीसारखे होऊन गेले. अच्युतने दोघांनाही निरोप दिला होता. आता दत्तोबांनाही रविवारी निरोप द्यायचा, असे त्याने मनाशी ठरवून टाकले. दत्तोबांना बायको नव्हती. एक लेक होती, ती आश्रमातच राहून गावातल्या शाळेत जाई. इथून निघाले तर बापलेकींना जायला जागा नव्हती. हे अच्युतला ठाऊक होते, त्याला वाईटही वाटत होते. पण आश्रमाच्या दारातून माणूस रडत परत जावा, हे त्याला त्याहून वाईट वाटत होते.

त्याने गुरुजींच्या कानावर घातले. गुरुजींनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "रविवारला अवकाश आहे. आधी गाडीचे दिवे बघू."

आता गाडीचे काय झाले होते, तर त्या आठवड्यात व्याख्यानाहून परतताना, दिवेलागणीच्या सुमारास, ऐन घाटात त्यांची गाडी बंद पडली होती. पेट्रोल संपले होते. काटा शून्यावर आलेला होता, पण तो दिसेल कसा? पेट्रोलच्या तबकडीमागचा दिवा कित्येक दिवस बंद होता. शेजारच्या, इंजिनाच्या तापमानाच्या तबकडीचाही बंद होता. अंधार पडला की दोन्ही तबकड्या काळ्या पाटीसारख्या दिसत. एका ट्रकवाल्याने दया येऊन डबाभर पेट्रोल दिले म्हणून दोघे घरी पोचले. अच्युत म्हणाला होता, तालुक्याच्या गॅरेजला गाडी टाकू. गुरुजी म्हणाले, "एवढ्याशा बल्बासाठी? दोन नवे बल्ब आण. आपणच बदलू."

तर अशा रीतीने ते दुपारी शेडमध्ये आले. अच्युतने बॅटरीची तार सोडवली. डॅशबोर्डच्या चौकटीचे स्क्रू काढले, तबकड्यांचा तो सगळा जुडगा हलक्या हाताने पुढे ओढला, मागची केबल निखळवली, आणि पाठ उलटी करून पाहिली. पाठीवर तांब्याच्या पातळ पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, आणि त्यांच्यावर जागोजाग बल्बांची प्लास्टिकची बुडखी बसवलेली. बुडखे थोडे फिरवले की सुटे, आणि त्यातून बोराएवढा बल्ब सरळ ओढून काढता येई. सोपे काम होते. आपल्याला हे जमते आहे, याचा अच्युतला फार आनंद झाला.

तापमानाच्या तबकडीचा बल्ब काढला, तर त्याची काच आतून काळीठिक्कर. हा तर नक्की गेलेला. त्याच्या जागी नवा घातला. मग पेट्रोलचा काढला, तो त्याने न पाहताच मागे भिरकावला आणि दुसरा नवा घातला. पुन्हा जोडाजोड केली, बॅटरीला तार लावली, दिव्यांचे बटण ओढले आणि दुपारच्या उजेडात काही दिसेना म्हणून दोघांनी ती घोंगडी पांघरली.

तापमानाची तबकडी केशरी उजेडाने भरली. "वा," गुरुजी म्हणाले.

पेट्रोलची तबकडी होती तशीच.

"नवाच बल्ब फुकट गेला," अच्युत म्हणाला. "दुकानदारानं सदोष माल दिला. मी आत्ताच जाऊन बदलून आणतो."

"थांब," गुरुजी म्हणाले. त्यांनी घोंगडी बाजूला केली, जुडगा पुन्हा पुढे ओढायला लावला, आणि स्वतः हात घालून तापमानाच्या तबकडीचा, नुकता लागलेला, धडधाकट बल्ब बाहेर काढला.

अच्युत घाईने म्हणाला, "अहो गुरुजी, तो चालतोय. लागलेला दिवा का काढता? एक तरी लागला होता."

तो चांगला बल्ब गुरुजींनी पेट्रोलच्या जागी बसवला, आणि तिथला न लागलेला बल्ब तापमानाच्या जागी. "पांघर," ते म्हणाले. दोघे पुन्हा घोंगडीत शिरले.

अच्युत बघतच राहिला. आत्ता लखलखत होता तो बल्ब पेट्रोलच्या जागी जाऊन मुका झाला होता. आणि ज्याला त्याने सदोष माल म्हटले होते, तो तापमानाच्या जागी झकास पेटला होता.

"दुकानदाराला शिव्या द्यायच्या राहिल्या," गुरुजी म्हणाले. "आता पाठीमागे बघ."

अच्युतने पाठ उलटी करून नीट पाहिली. पेट्रोलच्या बल्बाकडे जाणाऱ्या तांब्याच्या पट्टीवर, बुडखे जिथे टेकते तिथेच, हिरवट कळंक चढला होता. जुन्या तांब्याच्या भांड्याला चढतो तसा. वीज त्या कळंकापर्यंत येत होती आणि तिथेच अडत होती. गुरुजींनी दत्तोबांच्या लेकीच्या कंपासपेटीतला खोडरबर मागवून घेतला होता; हे त्यांनी आधीच ताडले होते की काय, देव जाणे. अच्युतने खोडरबराने पट्टी घासली. तांबे लालसर चमकू लागले. बुडख्याची चेपलेली पितळी पत्री नखाने जरा वर उचलली.

"कुठला बल्ब घालू?" त्याने विचारले.

"तू मघाशी मागे टाकलास तो."

"तो तर गेलेला आहे."

"पाहिलास?"

त्याने पाहिला नव्हता. मागच्या सीटखाली हात घालून त्याने तो जुना बल्ब शोधून काढला आणि उजेडात धरला. काच स्वच्छ होती, आतली तार अखंड होती. तो बसवून दोघांनी पुन्हा घोंगडी ओढली आणि पेट्रोलचा काटा स्पष्ट दिसला. गाडीत पेट्रोल पुरेसे होते. अच्युतला इतके हायसे वाटले की तो मोठ्याने हसला, आणि उरलेला नवा बल्ब त्याने फडक्यात गुंडाळून खणात ठेवला.

गुरुजी गाडीतून उतरताना एवढेच म्हणाले, "आता रविवारचं बघू. उद्या सकाळी दारावर तू बस."

अच्युतला वाटले, गुरुजींची काहीतरी गल्लत झाली. पण सकाळी प्रार्थना आटोपताच गुरुजी खरोखरच त्याच्या खोलीत जाऊन त्याच्या खुर्चीवर बसले. "दत्तोबा आज भोजनगृहात वाढतील," ते म्हणाले. "तुझं काम आज माझ्याकडे. तू फक्त दत्तोबा जे करतात ते कर."

"पण आज आपण कोणाला भेटणार आहात, किती वाजेपर्यंत—"

"दारावरच्या माणसानं बोलावल्याशिवाय आत येऊन विचारायचं नाही, असा एक नियम आहे ना आपल्याकडे? कोणी केला तो?"

"मी केला, गुरुजी."

"मग पाळ," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतले.

अच्युत दारावर बसला. सुरुवातीला त्याला गंमतच वाटली. पहिल्या माणसाने विचारले, गुरुजी आहेत का? तो हसून म्हणाला, आहेत, बसा. भेटतील का? तो म्हणाला, बघू. किती वेळ लागेल? आता याला काय सांगावे? तो म्हणाला, सांगता येणार नाही. दुसरा आला, त्याने तेच विचारले. मग एक कडेवर मूल घेतलेली बाई आली. मग एक गृहस्थ आपल्या आजारी भावाला धरून घेऊन आले. मग पेढ्यांचा पुडा घेतलेला एक व्यापारी आला. त्यांच्यामागून काठी टेकत एक आजीबाई आल्या, त्या सगळ्यांत लांबून, दोन गाड्या बदलून आल्या होत्या. बाकडी भरली. सगळ्यांचे प्रश्न तेच होते आणि अच्युतपाशी उत्तर एकच होते, की मला माहीत नाही.

हे शब्द दोन-चारदा म्हणायला काही वाटत नाही. पण तोच तो माणूस तेच ते चेहरे पुढ्यात घेऊन सकाळभर तेच म्हणत राहिला, की काय होते ते ज्याचे त्याने अनुभवावे. अच्युतला वाटू लागले, हे लोक मुद्दाम विचारताहेत. त्यांना वाटू लागले, हा मुद्दाम सांगत नाही. मूल रडू लागले. आतले दार मधूनच उघडे, गुरुजी एखाद्याला खूण करून आत घेत, आणि दार पुन्हा लागे. व्यापाऱ्याला आत बोलावले तेव्हा पडवीत कुजबुज झाली. "पेढ्यांचा मान आहे बाबा," कोणीतरी अच्युतला ऐकू जाईल असे म्हणाले. अच्युत म्हणाला, "मी नाही बोलावलं त्यांना." ते खरे होते, पण तिथे ते कोण ऐकून घेणार? दारावर तो बसला होता, म्हणून दोषही त्याचाच होता.

आजीबाई पुन्हा काठी टेकत त्याच्यापाशी आल्या. "बाळा, भेटतील का रे?"

"माहीत नाही, आजी."

"मला परतीची गाडी आहे. ती चुकली तर इथं कुठं राहू मी?"

"आजी, बसा तुम्ही."

त्या बसल्या आणि थोड्या वेळाने पुन्हा उठल्या. "निदान एवढं सांग. थांबू का जाऊ?"

"तुम्हाला एकदा सांगितलेलं कळत नाही का?" अच्युत ओरडला.

कडेवरचे मूलही रडायचे थांबले. अच्युतने आपलाच आवाज ऐकला आणि तो जागच्या जागी थिजला. हे वाक्य त्याचे नव्हते. हे वाक्य म्हणणाऱ्या माणसाला तो रविवारी घराबाहेर काढणार होता. दत्तोबांना हे वाक्य तोंडात यायला हिवाळा उजाडला होता. अच्युतला दुपारही लागली नाही.

आणि त्याच वेळी भोजनगृहाच्या बाजूने त्याला एक आवाज ऐकू आला. "घ्या हो, अर्धी तरी घ्या, माझ्यासाठी घ्या." पाठोपाठ जेवणाऱ्यांचे हसू. किती दिवसांत कानावर न पडलेला दत्तोबांचा तो आवाज होता, जसाच्या तसा.

अच्युत उठला. नियम बाजूला ठेवून त्याने आतले दार ढकलले. "गुरुजी, बाहेर एक आजीबाई आहेत. त्यांची गाडी चुकेल. त्या थांबू की जाऊ विचारताहेत आणि मला काही सांगता येत नाही."

"त्यांना आत्ताच पाठव," गुरुजी म्हणाले. "नंतर ते आजारी भाऊ आणि ती लेकुरवाळी. एवढ्यांना भेटून मी विश्रांती घेणार. बाकीच्यांना उद्या सकाळी यायला सांग. उद्या मी दुपारपर्यंत मोकळा आहे."

"हे आपण आत्ता ठरवलंत?"

"नाही रे. लांबून आलेला, आजारी, लेकुरवाळी यांना भेटल्याशिवाय विश्रांती घ्यायची नाही, हे सकाळीच ठरवलं होतं."

अच्युतचा संताप अनावर झाला. गुरूसमोर आवाज चढवू नये, हे तो विसरला. "मग मला सकाळीच का नाही सांगितलंत? मी बाहेर काय तोंड घेऊन बसलो होतो, आपल्याला कल्पना आहे? मला दोन शब्द सांगितले असतेत तर—"

तो तिथेच थांबला. गुरुजी शांतपणे त्याच्याकडे पाहत होते. ज्या खुर्चीवर ते बसले होते ती अच्युतची स्वतःची खुर्ची होती, आणि जे त्यांनी सकाळपासून केले ते अच्युत रोज करत होता.

"बस," गुरुजी म्हणाले. "काल तू मला विचारलंस, लागलेला दिवा का काढता. आज दुसऱ्यांदा काढला, म्हणून सांगतो. तू बल्ब बदललास यात चूक नव्हती. एक खरोखर गेलेला होता, तो बदलायलाच हवा. माणसातही काही खरोखर गेलेले असतात, त्यांचं तसंच करावं लागतं. पण एक लागत नाही म्हणून तू दुसरा घातलास, दुसरा लागेना म्हणून तिसरा आणायला निघालास, आणि दर वेळी दोष दिलास तो काचेला. का, तर काच हातात येते. वीज ज्या वाटेनं येते ती वाट पाठीमागे असते. ती बघायची तर सगळं उघडावं लागतं, आणि उघडलं की कधीकधी तिथे आपलाच हात सापडतो. नाचता येईना त्याला अंगण वाकडं, असं आपण सगळे म्हणतो आणि हसतो. पण त्याच अंगणात तिसरा माणूस पडला, तर त्याला हसायच्या आधी एकदा अंगणात आपण उतरून पाहावं. चांगला दिवा त्या जागी लावून पाहावा. तोही विझला तर समजावं की दिव्याचं काही चुकत नाही. म्हणून आज तुला तिथे बसवलं. या आश्रमात तुझ्याहून चांगला दिवा माझ्यापाशी नव्हता."

अच्युतच्या डोळ्यांत पाणी आले. रागावून ऐकवले असते तर त्याने ते सोसले असते. हे शेवटचे वाक्य त्याला सोसवेना. तो म्हणाला, "आडात होतं, गुरुजी. मीच झाकण घालून बसलो होतो. पोहऱ्यात कुठून येणार?" मग थोड्या वेळाने त्याने घाबरत विचारले, "आणि काशीबाई? विनायक? त्यांना तर मी घालवून दिलं."

"गाडी आहे. दोन्हीकडे जाऊन ये. परत आले तर घेऊन ये, नाहीतर निदान सांगून ये."

"काय सांगू?"

"जे आत्ता मला सांगितलंस तेच."

अच्युत उठून बाहेर आला. आधी तो आजीबाईंपुढे वाकला आणि म्हणाला, "आजी, मघाशी फार वाईट बोललो. चुकलं माझं. या, गुरुजी वाट बघताहेत." मग तो बाकड्यांकडे वळला आणि गुरुजींनी जे सांगितले ते स्वच्छ शब्दांत सगळ्यांना सांगितले. त्याला वाटले होते, आता गदारोळ होईल. ज्यांना उद्या यायला सांगितले ते भांडतील. तसे काहीही झाले नाही. ज्यांना परत जायचे होते ते पिशव्या उचलून उठले. एक जण म्हणाला, "सांगितलंत ते बरं झालं दादा. मधल्या वेळात तालुक्याचं काम उरकून घेतो." दुसरा म्हणाला, "मग उद्या येताना बायकोलाही आणतो." लेकुरवाळीने मूल मांडीवर आडवे घेतले, कारण आता किती वेळ बसायचे आहे ते तिला ठाऊक होते. कोणी डोक्यावर बसले नाही. इतके दिवस आपण कोणाला भीत होतो, असे अच्युतच्या मनात आले, आणि त्याने मोठा मोकळा श्वास घेतला.

संध्याकाळी तो दत्तोबांच्या खोलीकडे गेला. दार उघडेच होते. लेक कोपऱ्यात अभ्यास करत होती. दत्तोबांनी कपडे पेटीत भरून ठेवले होते. रविवारी काय होणार, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. पण दारावर बसणाऱ्याला अशा गोष्टी न सांगता कळतात. अच्युतला पाहून ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "अच्युतराव, एक विनंती आहे. पोरीची परीक्षा होईपर्यंत राहू द्या. मग आम्ही जातो."

"दत्तोबा, खाली बसा," अच्युत म्हणाला आणि तो स्वतःही जमिनीवर बसला. "मी तुम्हाला काढणार होतो, हे खरं आहे. आज मी तुमच्या जागी बसलो. अर्ध्या दिवसात मी एका आजीबाईंवर ओरडलो, तुम्ही ओरडलात अगदी तसाच. तुम्हाला काही सांगायचं नाही आणि सगळ्यांना उत्तरं मात्र तुम्ही द्यायची, अशा जागी मी तुम्हाला बसवलं होतं. जागा वाईट आहे असं तुम्ही म्हणालात, ते खरं होतं. ती मी वाईट केली होती. उद्यापासून दिवस उजाडला की आधी मी तुमच्याकडे येईन, आणि गुरुजींचं जे ठरलं असेल ते तुम्हाला सांगीन. तुम्हाला वाटेल तेव्हा तुम्ही आत येऊन विचारा. आणि दारावर नकोच वाटत असेल, तर भोजनगृह तुमचंच आहे."

दत्तोबांनी एकदा लेकीकडे पाहिले. तिने पुस्तकातून डोके वर काढलेले होते.

"हल्ली मी हिच्यावरसुद्धा ओरडायला लागलो होतो," ते म्हणाले. "रात्र रात्र झोप नाही यायची. वाटायचं, आपण आधीपासूनच असे असणार. चांगुलपणा नुसता वरवरचा होता, म्हातारपणी उघडा पडला." मग ते अच्युतकडे वळले. "म्हणजे अच्युतराव, मी वाईट माणूस झालो नव्हतो तर."

"नव्हता झालात," अच्युत म्हणाला.

दत्तोबांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. मग ते पेटीकडे वळले आणि एकेक कपडा काढून पुन्हा खुंटीवर लावू लागले, आणि लेक उठून त्यांना हातभार लावायला गेली.